कोटावरचा डाग

लाँड्रीत टीव्हीवाले शिरले ते वहिनींमुळे. ताईंचा त्यात काही हात नव्हता. ताईंचे दोन्ही हात तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर घासण्यात गुंतले होते.

वहिनी 'काडीचा आधार' हा कार्यक्रम कधी चुकवत नसत. बुडायला आलेल्या छोट्या धंद्यांना वर काढणारा हा कार्यक्रम. दर आठवड्याला कुणीतरी सलूनवाला, कुणीतरी चपलांचा दुकानदार त्यात रडत यायचा. मग सल्लागार म्हणून ओळखले जाणारे एक गृहस्थ बाह्या सरसावून त्याच्या दुकानात शिरायचे, "धंद्यात भावना नको" म्हणत अर्धं दुकान बाहेर फेकायचे, उरलेल्या अर्ध्याला रंग काढायचे, आणि शेवटी दुकानदार पुन्हा रडायचा, या वेळी आनंदाने. वहिनी दोन्ही वेळा त्याला साथ देत. आपल्याच घराच्या खालच्या मजल्यावर एक लाँड्री हळूहळू बसत चाललीय आणि आपण वर बसून परक्याच्या सलूनसाठी डोळे पुसतोय, हे एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तिथल्या तिथे चॅनेलला फोन लावला आणि सांगून टाकलं, की आमच्या ताईंची लाँड्री शेवटच्या घटका मोजतेय.

ते अगदीच खोटं नव्हतं. घरोघरी मशिनं आली आणि लोक आपले कपडे आपणच आटवायला शिकले. लाँड्रीत आता येत ते बहुतेक आटलेले कपडे घेऊन, आणि "ताई, एवढा पूर्वीसारखा करून द्या ना" अशी गळ घालत.

ताई म्हणजे सगळ्यांच्याच ताई. घरात थोरले भाऊ दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, हे एरवी वर्तमानपत्रामागे वास्तव्याला असत. वहिनी नात्याने मोठ्या, पण त्याही ताईच म्हणत. दूधवाला म्हणे, शाळेतली पोरं म्हणत, समोरचे चावीवाले आजोबा ताईंपेक्षा वयाने चांगले वीस वर्षांनी मोठे, तेही म्हणत. अख्ख्या गल्लीने एखादीला बहीण मानलं की तिची मोठी सोय होते. तिच्या वाटेला कुणी जात नाही. मात्र ती एकटी का राहिली, हेही मग कुणी विचारत नाही.

एक गृहस्थ तेवढे त्यांना ताई म्हणत नसत. गल्लीच्या टोकाला शाळा होती, तिथले चित्रकलेचे मास्तर. दर आठवड्याला ते आपला तपकिरी कोट घेऊन येत, काउंटरपाशी उभे राहत, घसा साफ करत आणि म्हणत, "अहो." पुढे काही नाही, नुसतं अहो. जगातल्या बायका नवऱ्याला तशी हाक मारतात, इथे गंगा उलटी वाहत होती. त्यात मास्तरांचा काही डाव नव्हता. ताई म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे आणि नावाने हाक मारायची छाती नव्हती, म्हणून मधल्यामध्ये हे अहो. मग मास्तरांची बदली झाली. ते गेले, कोट लाँड्रीतच राहिला. त्याला आता एक तप उलटलं होतं.

शाळेत जाऊन त्यांचा पत्ता विचारणं काही अवघड नव्हतं. पण विचारणार काय म्हणून? लाँड्रीवाली गिऱ्हाइकाच्या मागे लागते ती पैशांसाठी, आणि मास्तर आगाऊ देऊन मोकळे होत. मास्तरांनी थोडी उधारी ठेवली असती तर बरं झालं असतं, असं ताईंच्या मनात कितीदा तरी येऊन गेलं होतं. दर महिन्याला त्या कोट खाली काढत, ब्रश मारत, सावलीत वारा देत, डांबरगोळ्या बदलत आणि पुन्हा टांगून ठेवत. गिऱ्हाईक आलं तर कोट तयार असावा, बाकी काही नाही, असं त्या स्वतःला बजावत. स्वतःला तरी ते कितपत पटत होतं कोण जाणे.

तर अशा या लाँड्रीत सल्लागार शिरले. आल्या आल्या त्यांची नजर मागच्या भिंतीवरच्या दांडीवर गेली. लोकांनी टाकलेले आणि कधीच न नेलेले कपडे तिथे ओळीने टांगलेले होते.

"ताई, हे काय आहे?"

"लोक न्यायचे विसरले ते कपडे."

"म्हणजे म्युझियम आहे. तिकीट लावा." सल्लागारांनी कॅमेऱ्याकडे बघून हसून घेतलं. "धंद्यात भावना नको. काढा सगळं."

त्यांच्या माणसांनी एकेक हँगर उतरवायला सुरुवात केली. एका मुलाचा शाळेचा गणवेश गेला. त्या मुलाला आता स्वतःचं मूल असेल, असा विचार करून ताईंनी तो जाऊ दिला. एका जाड्या गृहस्थांची विजार गेली, एक शाल गेली, नाडी तुटलेला एक परकर गेला. ताई गप्प होत्या, कारण कॅमेरा चालू असताना मध्ये बोलायचं नाही असं वहिनींनी त्यांना तीनतीनदा पढवलं होतं. मग सल्लागारांनी स्वतः हात वर करून तपकिरी कोट काढला.

"तो राहू दे," ताई म्हणाल्या.

"का?"

"गिऱ्हाईक यायचंय."

"कधी टाकलाय?"

"बारा वर्षं झाली असतील."

सल्लागार आता मनापासून खूश झाले. काउंटरच्या वर एक जुनी पाटी होती, ताईंनी स्वतःच्या हाताने रंगवलेली. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ही कुणाची?"

"माझीच."

"वाचा बरं."

"तीस दिवसांच्या आत कपडे न नेल्यास आम्ही जबाबदार नाही."

"मग?"

"जबाबदार नाही म्हटलंय. फेकून देऊ असं कुठं म्हटलंय?"

हे बोलताना ताईंनी कोटाची उजवी बाही धरली होती. डावी सल्लागारांकडे होती. क्षणभर दोघांनीही सोडली नाही आणि कॅमेरेवाला जवळ सरकला. "शिवण उसवेल, सोडा," ताई शांतपणे म्हणाल्या. तापलेल्या इस्त्रीला हात लावू पाहणाऱ्याला सांगावं तसं. सल्लागारांना आजवर कुठल्या दुकानदाराने सोडा म्हटलं नव्हतं. त्यांनी सोडली.

कोट वाचला. पाटीही कशी कोण जाणे वाचली. बाकीचं सगळं बदललं. लाँड्रीचं नाव 'फ्रेश अँड फोल्ड' झालं, भिंती पोपटी झाल्या, आणि जुनं लाकडी काउंटर जाऊन तिथे असं उंच, चकचकीत काउंटर आलं की पलीकडून ताईंचं फक्त कपाळ दिसे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी एक स्टूल ठेवून घेतलं. गिऱ्हाईक आलं की त्या स्टुलावर चढत आणि गिऱ्हाईक दचके.

तो भाग लागला त्या संध्याकाळी सगळे वर टीव्हीसमोर बसले. वहिनी ठरल्याप्रमाणे दोनदा रडल्या. भाग संपताच त्यांनी फोन हातात घेतला, कारण खरा कार्यक्रम नंतर असतो असं त्यांचं मत होतं. लोक आपापली मतं चॅनेलच्या पानावर लिहीत आणि वहिनी ती मोठ्याने वाचत.

"ऐक ताई. हा म्हणतो, काउंटर काय सुंदर केलंय."

"त्याला म्हणावं, ये आणि उभा राहा त्याच्यामागे."

"ही म्हणते, धंद्याचं राहू द्या, तो कोट कुणाचा ते आधी सांगा." वहिनींनी बोटाने पान सरकवलं. "हाही तेच म्हणतोय. हाही. अगं बाई, सगळे कोटाबद्दलच बोलतायत. हा म्हणतो, बाई हट्टी आहे, अशांना मदत करूच नये. ही त्याला म्हणते, तुझ्यासाठी कुणी रुमालसुद्धा ठेवणार नाही. आता दोघांची जुंपली बघ."

दोन दिवसांत प्रेक्षकांत सरळ सरळ दोन तट पडले. कोट फेका म्हणणारे आणि कोट ठेवा म्हणणारे. फेकावाले म्हणत, अशाने धंदा कसा चालेल. ठेवावाले म्हणत, धंदा चालायला दुसरे आहेत. एकाने तर कोटाला आतून कसर लागली असणार असं छातीठोक लिहिलं, आणि तेवढ्या एका मतावर ताई खरोखर चिडल्या. बाकीच्यांचं त्यांनी मनावर घेतलं नाही. मात्र दोन्ही तटांत एका गोष्टीवर एकमत होतं. जो तो त्यांना ताईच म्हणत होता. आधी गल्ली म्हणत होती, आता टीव्ही बघणारं सगळं जग म्हणू लागलं.

"मला नका सांगू ते," असं ताई म्हणत खऱ्या, पण रोज संध्याकाळी दुकान बंद करून वर येत, हात पुसत वहिनींच्या शेजारी बसत आणि विचारत, "अजून काय म्हणतायत?" वहिनी वाचत. ताई मान खाली घालून ऐकत. मधेच विचारत, "हे कुणी लिहिलंय?"

"नाव नाही गं. सूर्यफूल म्हणून आहे."

"माणूस की बाई?"

"सूर्यफुलाचं काय कळणार?" आणि मग डोळे बारीक करून वहिनी म्हणत, "कोट त्या चित्रकलेच्या मास्तरांचा ना गं? येत असत बघ कुणीतरी."

"इतकी गिऱ्हाइकं. कोण लक्षात ठेवतो," ताई म्हणत आणि उठून जात. त्या शेकडो मतांमध्ये त्या एकच मत शोधत होत्या. ते सापडत नव्हतं. मास्तर टीव्ही बघत असतील का, हयात तरी असतील का, हे विचार अंथरुणावर पडल्यावर येत. सकाळी बॉयलर पेटवायचा असे, म्हणून त्या डोळे मिटून घेत.

मग कोटाचे मालक यायला लागले. पहिले आले ते एक गोरेगोमटे गृहस्थ. सरळ म्हणाले, "माझा कोट द्या."

ताई स्टुलावर चढल्या. "पावती?"

"हरवली. बारा वर्षं झाली ना."

"बरं. डाग कशाचा होता?"

गृहस्थ गडबडले. "चहाचा," ते म्हणाले.

"नाही," ताई म्हणाल्या आणि स्टुलावरून उतरल्या.

दुसरा शाईचा म्हणाला, तिसरा तेलाचा. एक बाई नवऱ्याला ओढतच घेऊन आल्या. कोट याचा नाही हे त्यांनी आधीच कबूल केलं, पण त्याला तो फार शोभेल असं त्यांचं मत होतं. नवरा बिचारा सगळा वेळ पोपटी भिंतीकडे बघत होता. ताईंचा प्रश्न दोन दिवसांत सगळीकडे झाला आणि चॅनेलच्या पानावर आता मतं पडायला लागली ती डागाबद्दल. गंज, हळद, लिपस्टिक, डांबर. कपड्याला लागू शकते अशी एकही वस्तू लोकांनी सोडली नाही.

इथवर ठीक होतं. या निमित्ताने लोक कपडे तरी टाकत होते. पण एक दिवस एक कॉलेजातली मुलगी पिवळी ओढणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "ताई, ही मी न्यायला येणार नाही. तुम्ही ठेवाल?"

"म्हणजे?"

"म्हणजे ठेवा. कुणीतरी आपलं काहीतरी ठेवलंय, असं वाटलं पाहिजे ना."

ताईंना नाही म्हणवेना, आणि तिथेच चूक झाली. मुलीने ते मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी जगाला. लोक दुरून कपडे घेऊन यायला लागले आणि ते न नेण्याचा शब्द देऊन जायला लागले. निवृत्त पोस्टमास्तर स्वेटर ठेवून गेले. एका जोडप्याने भांडून दोन वेगवेगळे शर्ट दोन वेगवेगळ्या दिवशी ठेवले. दांडी भरली, दुसरी ठोकली, तीही भरली. धुलाईचे पैसे माल नेताना द्यायचे असतात आणि माल कुणी नेत नव्हतं. म्हणजे लाँड्रीत पाय ठेवायला जागा उरली नाही आणि गल्ल्यात खडखडाट. पूर्वी निदान धंदा बसला होता, आता तो आडवा झाला.

ही बातमी चॅनेलला कळली. सल्लागार संतापले, कारण दांडी त्यांनी मोकळी केली होती. कानात यंत्र घातलेली त्यांची एक बाई मात्र खूश होऊन आली. ती वहिनींना बाजूला घेऊन म्हणाली, "लाइव्ह खास भाग करू. त्यात कोटाचा मालक येईल."

"पण तो सापडलाय कुठं?"

"आम्ही आणू की. नट आहेत आमच्याकडे. फक्त डाग कशाचा ते सांगा."

वहिनींनी थोडा विचार केला. ताईंचं दुःख संपेल, लाँड्रीही मोकळी होईल, आणि खोटं बोलणारे आपण नाही, नट आहे. चित्रकलेचे मास्तर म्हटल्यावर डाग कशाचा असणार, हे सांगायला काही पंचांग बघावं लागत नव्हतं. "रंगाचा," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "निळा सांगा. निळा जास्त खपतो."

लाइव्हच्या दिवशी गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. लाँड्रीसमोर मांडव घातला होता. ताई स्टुलावर उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे, दिव्यांच्या झोतात, कोट. दादा वरच्या खिडकीतून बघत होते, वर्तमानपत्रासह. सल्लागारांनी प्रस्तावना केली, वाद्यं वाजली, आणि गर्दीतून वाट काढत एक उंच, देखणा माणूस आला. त्याचे कल्ले पद्धतशीर पांढरे केलेले होते.

त्याला बघायला ताई स्टुलावरून पुढे वाकल्या आणि लगेच सरळ झाल्या. हे ते नव्हेत. बारा वर्षांत माणूस पांढरा होतो, वाकतो, पण उंच कसा होईल?

"मी आलोय," नट म्हणाला. त्याचा आवाज फारच चांगला होता.

"डाग कशाचा होता?" ताईंनी विचारलं.

"रंगाचा. निळ्या रंगाचा." नटाने डोळे पुसले. वहिनींनीही पुसले.

"नाही," ताई म्हणाल्या.

वाद्यवाले वाजवायला लागले होते, ते मधेच थांबले. कानात यंत्र घातलेल्या बाईने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी हातांनी खुणा केल्या, त्यांतून नटाला काहीही कळलं नाही. तो म्हणाला, "हिरवा?"

"नाही."

लाइव्ह म्हणजे मागे फिरता येत नाही. वेळ तर भरून काढायचा होता. सल्लागारांनी प्रसंगावधान राखून माईक उचलला आणि ते गर्दीत शिरले. "प्रेक्षकहो, आता तुमचं मत. डाग कशाचा?"

मतांना तोटा नव्हता. कुणी औषधाचा म्हणालं, कुणी मेणाचा. चावीवाले आजोबा ग्रीसचा म्हणाले, कारण त्यांच्या सगळ्या कपड्यांवर तोच असे. प्रत्येक मताला ताई स्टुलावरून नाही म्हणत होत्या. माईक हातोहात फिरत मागे गेला. तिथे एक ठसठशीत बाई हात वर करून उभी होती, पण ती बोलायच्या आत तो तिच्या शेजारच्या माणसाच्या तोंडासमोर आला. बुटका, टक्कल पडलेला, जाड भिंगांचा चष्मा घातलेला माणूस. त्याने माईककडे बघितलं आणि घसा साफ केला.

तो आवाज गल्लीभर लावलेल्या कर्ण्यांतून घुमला. ताईंनी काउंटरची कड धरली.

"माझ्या मते," माणूस म्हणाला, "डाग नव्हताच."

लोक हसले. "काका, डागच नाही तर लाँड्रीत कोण टाकेल?" सल्लागारही हसले. "हे मत बाद. पुढचं."

प्रत्येक मताला नाही म्हणणाऱ्या ताई या एका मताला काहीच म्हणाल्या नाहीत. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. जाहिरातींची वेळ झाली होती.

कोट पहिल्यांदा आला तेव्हा ताईंनी सवयीप्रमाणे हातात खडू घेतला होता, डागाभोवती गोल करायला. बाह्या बघितल्या, कॉलर बघितली, खिसे उलटे केले, अस्तर उजेडात धरलं. कुठे काही नव्हतं. चित्रकला शिकवणाऱ्या माणसाच्या कोटावर रंगाचा ठिपका नाही, म्हणजे दिवसभर तो घडी करून पिशवीत ठेवला असणार. "डाग कुठाय?" त्यांनी विचारलं होतं. "असेल कुठंतरी," मास्तर म्हणाले होते आणि कानापर्यंत लाल झाले होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच स्वच्छ कोट. ताईंनी तो धुतला, इस्त्री केली, दिला. पुन्हा कधी डागाचं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मास्तरांना यायचं बंद करावं लागलं असतं. आपल्याकडे कुणीतरी विनाकारण येतं, हे सुख ताईंना आयुष्यात तेवढंच मिळालं होतं, आणि नंतर इतकी वर्षं त्या त्याच्यावाचून तळमळत राहिल्या होत्या.

कार्यक्रम कसाबसा संपला. सल्लागारांनी "धंद्यात भावना नको" हे वाक्य दोनदा म्हटलं, नटाने तीन जणांना सही दिली, माणसं वायरी गुंडाळून निघून गेली. मांडव रिकामा झाला. ताई काउंटरच्या मागे खाली उभ्या होत्या.

काउंटरपलीकडे कुणीतरी घसा साफ केला.

"अहो."

ताई स्टुलावर चढल्या. मास्तर थोडे दचकले.

"काउंटर उंच केलंत," ते म्हणाले.

"मी नाही. त्यांनी."

"तुम्ही दिसत नाही."

"चढलं की दिसते."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि ताईंकडे बघितलं. मग म्हणाले, "एकदा आलो होतो मी. बदलीनंतर, पहिल्या सुट्टीत."

"कधी? मी तर रोज इथंच असते."

"तुम्ही पाठमोऱ्या होतात. इस्त्री चालली होती. हाक मारायला तोंड उघडलं आणि समोर पाटी. तीस दिवस तर केव्हाच होऊन गेले होते."

"मग?"

"म्हटलं, कोट गेला असेल. मुद्दाम ठेवून गेलो होतो तो. परत यायला काही कारण असावं म्हणून. कारणच उरलं नाही, तर आत काय म्हणून येणार?"

ताईंना हसावं की रडावं कळेना. आधी रागच आला. मास्तरांचा नाही, पाटी रंगवणाऱ्या स्वतःच्या हाताचा. एवढं वळणदार अक्षर कशाला काढलं, त्यांच्या मनात आलं, जरा गिचमिड काढलं असतं तर वाचता आलं नसतं.

"ती पाटी सगळ्यांसाठी होती," त्या म्हणाल्या.

"तसं पाटीवर लिहिलं नव्हतं."

ताईंनी मागे वळून कोट काढला आणि काउंटरवर ठेवला. मास्तरांनी तो हळूच उचलला, वास घेतला, एक बाही घातली, दुसरी घातली. पोटावर बटण काही केल्या लागेना.

"आटला वाटतं."

"माझ्या लाँड्रीत कपडे आटत नाहीत."

"मग मीच वाढलो."

"घरी कोण असतं?" ताईंनी विचारलं. बारा वर्षं तोंडात घोळवलेला प्रश्न, पण तो 'स्टार्च करायचंय का' अशा सुरात बाहेर पडला.

"मीच. कधीकधी मीही नसतो." मास्तरांनी कोट काढला, नीट घडी केली आणि परत काउंटरवर ठेवला. "धुवायला द्यायचाय."

"स्वच्छ आहे."

"माहितीय."

ताईंनी खडू घेतला. बाह्या बघितल्या, कॉलर बघितली, खिसे उलटे केले, अस्तर उजेडात धरलं. मास्तर उभे राहून बघत होते, कानापर्यंत लाल.

"मुक्काम कुठं?"

"पलीकडच्या लॉजवर. कोट मिळेपर्यंत आहे."

"परवा देते." ताई थांबल्या. "नाही, उद्याच या. आणि परवा पण या."

मास्तरांनी मान हलवली आणि ते निघाले. दारापर्यंत पोचले तेव्हा मागून हाक आली.

"अहो."

ते गर्रकन वळले. बारा वर्षांपूर्वीही ही हाक त्यांच्या बाजूनेच जात असे, समोरून कधी आली नव्हती. ताईंनी हात लांब केला होता. "पावती राहिली," त्या म्हणाल्या.

रात्रीची जेवणं झाल्यावर वहिनी फोन घेऊन बसल्या. त्यांचे डोळे आधीच भरून आले होते. निळ्या रंगाचं त्यांना मनातून लागलं होतं.

"ही म्हणते, फुकट वेळ घालवला, शेवटपर्यंत कुणी आलंच नाही. हा म्हणतो, सगळं ठरवून केलेलं, तो नट मी जाहिरातीत पाहिलाय. ही म्हणते, बिचाऱ्या ताई, अजून बारा वर्षं थांबतील." वहिनींनी पदराने डोळे टिपले. "मला माफ कर गं. मीच हे सगळं घरात आणलं."

"असू द्या वहिनी."

वर्तमानपत्रामागून दादांचा आवाज आला. "दुकानातली पाटी का उतरवलीस?"

"जुनी झाली होती."

वर्तमानपत्र थोडं खाली आलं, ताईंकडे एकदा बघून पुन्हा वर गेलं. खिडकीतून दादांना काय काय दिसलं होतं ते त्यांनाच ठाऊक.

"ऐकतेस ना?" वहिनी म्हणाल्या. "अजून पुष्कळ आहेत."

"आता पुरे. सकाळी लवकर बॉयलर लावायचाय. एक अर्जंट कपडा आलाय."

"आता कुणी टाकला? फार डाग आहेत का?"

"छे," ताई उठत म्हणाल्या, "एकही नाही."

मग अर्जंट कसला, असं वहिनी पुटपुटल्या आणि त्यांनी पुढचं मत वाचायला घेतलं.